पाचवी गाठ

८ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे आहेतच, ते धरून चाल. गठ्ठा पोचला. पोस्टमनने दारात आपटला आणि म्हणाला, "यात दगड भरलेत का?" मी म्हटलं, तारे आहेत. गेला बिचारा.

सहाशे चित्रं पाठवली म्हणतेस. मी दोनदा मोजली, पाचशे अठ्ठ्याण्णव आहेत. दोन कुठे गेली ते शोध. शिकलेल्या माणसांना मोजता येत नाही हा माझा जुना अनुभव आहे.

फोन करू नकोस. सव्वीस वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाशेजारी काढली, आता कानात फक्त मागच उरलेत. लिही, मी वाचते. चौथीपर्यंतचं वाचन अजून शाबूत आहे.

दुपारपाळीला जायच्या आधी खिडकीपाशी बसून शंभर चित्रं केली. चकतीवर जिथे गाठ दिसेल तिथे पेन्सिलने गोल, एवढंच ना? ते मला शिकवायला नको. गिरणीत दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत असतं आणि मी दोषांवर खुणा करते. इथे चित्र सरकत नाही, हीच काय ती चैन. एक चित्र म्हणजे एक वार कापड धरते आणि कामावर करते तसंच करते. तुझे काका डोकावून म्हणाले, "ही माझ्या बनियनची चित्रं आहेत का?" मी म्हटलं, तुमच्या बनियनला इतका उजेड कुठला.

पण या गाठी कसल्या ते सांग. 'खूप महत्त्वाचं आहे' असं नुसतं लिहू नकोस. काय महत्त्वाचं ते लिही.

तुझी मावशी


२१ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. दोन चित्रं जिराफाच्या टेबलाखाली सापडली. जिराफ म्हणजे माझ्याबरोबर काम करणारा मुलगा, मान लांब आहे म्हणून. ती दोन आता सोडून दे, पाचशे अठ्ठ्याण्णवच धरू.

तू ज्यांना चकत्या म्हणतेस त्या दीर्घिका आहेत. एकेका चकतीत अब्जावधी तारे. त्या इतक्या लांब आहेत की त्यांचा उजेड निघाला दहा अब्ज वर्षांपूर्वी आणि आपल्याला आत्ता मिळतोय. म्हणजे तू बघतेस ती त्यांच्या लहानपणाची चित्रं. लहानपणी त्या ओबडधोबड होत्या. वायू एका ठिकाणी गच्च दाटायचा आणि तिथे भराभर तारे जन्मायचे. त्याच तुझ्या गाठी. आमच्या पुस्तकात पुंजके म्हणतात, पण गाठ बरं वाटतं.

आता गंमत ही, की आपल्या जवळच्या, वयाने मोठ्या दीर्घिकांत अशा गाठी जवळजवळ नाहीतच. चकती गुळगुळीत, आणि बऱ्याच जणींच्या मध्यभागी एक फुगवटा. मग गाठी गेल्या कुठे? एक पक्ष म्हणतो, आतल्या तप्त ताऱ्यांनीच वायू उडवून लावला आणि गाठी लगेच विरल्या. आमचे सर या पक्षाचे. दुसरा म्हणतो, गाठी टिकल्या, हळूहळू आत सरकल्या आणि त्यांचाच फुगवटा झाला. मला हे दुसरं पटतं. कोवळी गाठ निळी दिसते, जुनी पिवळट. मध्याजवळच्या गाठी जुन्या निघाल्या तर त्या टिकल्या असं म्हणता येईल. मी, जिराफ आणि तू, तिघं वेगवेगळ्या खुणा करतोय. प्रबंधाचं हे प्रकरण एप्रिलअखेर द्यायचंय. त्यावर माझं पुढचं सगळं आहे.

तुझी भिंगरी


११ फेब्रुवारी

भिंगरी,

सगळी झाली. सोबत पाठवतेय. पहिल्या शंभरावर परत एकदा नजर टाकली, सुरुवातीला हात बसलेला नसतो.

तुझं म्हणणं समजलं. कापडात दोन तऱ्हेचे दोष असतात. एक सुतातच असलेली गाठ, ती कापडाबरोबर विणली जाते, धुतलं तरी जात नाही. दुसरा नुसता वरून चिकटलेला कापूस, फुंकर मारली की उडतो. तुझे सर म्हणतात सगळा कापूस, तू म्हणतेस सगळी गाठ. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, नवख्यांना तर हमखास. मला विचारशील तर मी केलेल्या खुणा बहुतेक सुतातल्या आहेत. आत जातील तसतशा पिवळ्या होत जातात. सरांना सांग, मावशी असं म्हणते.

ताई काल आली होती. म्हणाली, माझी पोरगी तिशीला आली आणि अजून ठिपके मोजतेय. मी म्हटलं, मी पन्नाशीला आले आणि मीही तेच करतेय, माझं काय वाईट झालं? यावर तिने मला जसं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं ते मला आवडलं नाही.

तुझी मावशी


६ मार्च

प्रिय मावशी,

चित्रं मिळाली. खूप मदत झाली. आता आणखी काही करायची गरज नाही. तू दमली असशील, डोळ्यांना विश्रांती दे. इथे सगळं ठीक. सर कामात आहेत.

तुझी भिंगरी


१३ मार्च

भिंगरी,

मी दमलेय हे तुला कोणी सांगितलं? तू सात वर्षांची असताना शेजारणीची काच फोडलीस आणि घरी येऊन मला म्हणालीस, "मावशी, तू दमली असशील, पाणी देऊ?" तेच हे पत्र आहे.

काय झालं ते सरळ लिही. मला एवढंच वाटतंय की तिथे कोणीतरी विचारलं, या खुणा कोणाच्या, आणि तुझी जीभ टाळ्याला चिकटली. तसं असेल तर तसं सांग. मला वाईट वाटेल, पण मी मरणार नाही. गोड बोलून मला कोपऱ्यात बसवलंस तर मात्र याद राख.

मावशी


२२ मार्च

मावशी,

तू ओळखलंस ते निम्मं खरं आहे.

सरांनी तिघांच्या खुणांचा तक्ता केला. तक्त्यात नावं नाहीत, निरीक्षक एक, दोन, तीन. तू तीन. माझ्या खुणा एका चित्रात कधी दोन, कधी नऊ. जिराफाच्या तर बारापर्यंत. तुझ्या पाचशे अठ्ठ्याण्णव चित्रांत एकदाही चाराच्या वर खूण नाही. एकदाही नाही, मावशी. सर म्हणाले, "हा माणूस बघतच नाही. चार गोल काढतो आणि पान उलटतो. याला काढून टाका."

तुझ्या खुणा काढल्या की मी आणि जिराफ उरतो. आमचं दोघांचं जमत नाही तिथे तिसरं कोणी नाही. प्रकरण पडतं. नाहीतर जिराफाचेच आकडे धरायचे, आणि ते सरांच्या बाजूचे आहेत.

मग त्यांनी विचारलं, तीन नंबर कोण? मी म्हणाले, एक अनुभवी तपासनीस आहेत. ते खोटं नव्हतं. पण खरं सांगायला तोंड उघडलं नाही. याची लाज तेव्हा वाटली नाही, तुझं पत्र वाचून वाटली.

तू चारावरच का थांबलीस?

भिंगरी


२८ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्याच.

आमच्याकडे एका वारात चाराच्या वर दोष धरत नाहीत. चाळीस भोकं असली तरी चारच. सगळ्यांत मोठा आधी, मग त्याच्याहून लहान, असे चार झाले की त्या वाराचा निकाल लागला, पुढे सरकायचं. पाचवी खूण केली तर उलट बोलणी बसतात, कापड अडवून ठेवलं म्हणून. सव्वीस वर्षांत मी पाचवी खूण केलेली नाही. हात आपला आपण थांबतो. मला आठवतंय, काही चित्रांत अजून दिसत होत्या. मनात म्हटलं, हा वार गेलाच, चला पुढे.

ही माझी चूक. कबूल. पण तूही सांगितलं नाहीस की संपेपर्यंत मोज. 'गाठ दिसेल तिथे गोल' म्हणालीस.

आता हे नीट ऐक. चूक माझी आहे, पण 'बघतच नाही' हे मी ऐकून घेणार नाही. ज्या चार केल्या त्या त्या चित्रातल्या सर्वांत मोठ्या चार आहेत. एकही उगाच काढलेली नाही. मी सरांना वेगळं पत्र टाकलंय. पत्ता तुझ्या पाकिटावर छापलेलाच होता. काय लिहिलंय ते तुला कळावं म्हणून नक्कल खाली उतरवलीय. घाबरू नकोस. घाबरलीस तरी पत्र गेलंय.

"सर, नमस्कार. मी तीन नंबर. तुमच्या विद्यार्थिनीची मावशी. चौथी शिकले आणि सव्वीस वर्षं कापड तपासते. चारावर का थांबले ते भाचीला कळवलंय, ती सांगेल, ती माझी चूक. पण तुम्ही म्हणालात मी बघत नाही. ते तपासून मग म्हणा. आमच्याकडे तपासणारीवर संशय आला तर कापडाचा तोच तागा दुसऱ्या दिवशी परत तिच्या टेबलावर चढवतात, न सांगता. खुणा त्याच जागी पडल्या तर ती बघते. मला तसे तागे पाठवा. तेच तुमच्या बाकी दोघांनाही द्या. माझ्या भाचीलासुद्धा, तिला सूट नको. मी नापास झाले तर खुणा खुशाल फेका. न तपासता फेकू नका. आम्ही गिरणीतसुद्धा तसं करत नाही."

मावशी


९ एप्रिल

सन्माननीय बाई,

आपले पत्र मिळाले. सोबत साठ चित्रे पाठवीत आहे. आपण सुचविल्याप्रमाणे त्यांत तीस चित्रे दोनदा आहेत, एक सरळ व एक फिरवून. अन्य दोन निरीक्षकांनाही हाच संच दिला आहे. या वेळी चारची मर्यादा पाळू नये. दोन्ही प्रतींवरील आपल्या खुणांचा मेळ त्यांच्यापेक्षा कमी पडल्यास आपली निरीक्षणे वगळावी लागतील. आपल्या शिक्षणाचा यात काही संबंध नाही.

आपला,
मार्गदर्शक


२ मे

मावशी,

साठ चित्रांवर तू खुणा केल्यास ते ठीक. पण मागे चिठ्ठी कशाला? "सात आणि एकेचाळीस एकच. बारा आणि छप्पन्न एकच, डोक्यावर उभं केलंय." अशा सव्वीस जोड्या. सरांनी ती चिठ्ठी मला वाचून दाखवली. त्यांना हसू येत होतं आणि ते हसत नव्हते.

जिराफाला एकही जोडी ओळखता आली नाही. मला पाच. जोड्या सरांनीच बसवल्या होत्या, पण यादी न बघता त्यांनाही नऊच सांगता आल्या. खुणांचा मेळ तुझा शंभरात एक्याण्णव, माझा त्र्याहत्तर, जिराफाचा अठ्ठावन्न. तो दोन दिवसांनी स्वतःच येऊन म्हणाला, "पन्नास चित्रांनंतर मी अंदाजानेच गोल काढत होतो."

सर म्हणाले, पाचशे अठ्ठ्याण्णव पुन्हा करतील का, मर्यादेशिवाय? त्यांनी मला जूनअखेरपर्यंत मुदत दिलीय. गठ्ठा पाठवतेय. बळजबरी नाही.

भिंगरी


३० मे

भिंगरी,

बळजबरी मला कोणी करू शकत नाही, ते सोड.

झाली सगळी. पाचवी खूण करताना पहिले दोन दिवस हात अक्षरशः अडायचा. मग बोटाला चिमटा काढून पुढे जायचे. आता सहा, आठ, एका चित्रात अकरा आहेत. मुकादम परवा ओरडला, माझ्याकडून कापडावरही पाचवी खूण पडली. मी म्हटलं, दोष पाच आहेत तर पाच दिसणार. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम मोजण्याचा आहे, बघण्याचा नाही.

आता एक कडू. नवीन ज्या बारक्या खुणा केल्या त्या बहुतेक निळ्या आहेत. बाहेर निळ्या, आत मध्याजवळही निळ्या. पिवळं होत जाणं फक्त मोठ्यांत दिसतं. तुझं म्हणणं यात बिघडत असेल. मी तुझी मावशी आहे म्हणून काही तुझ्या बाजूने गोल काढणार नाही. आणि तूही यातलं काही टेबलाखाली सारू नकोस. तुला लहानपणापासून ओळखते म्हणून सांगतेय.

मावशी


१४ जून

मावशी,

सारलं नाही. मोह झाला होता, तोही तासभर. तुझं पत्र उशिरा आलं असतं तर काय केलं असतं कोण जाणे.

सगळे आकडे मांडले. तुझ्या पहिल्या फेरीत मोठ्या गाठीच होत्या, त्या आत जातील तसतशा जुन्या, म्हणजे टिकणाऱ्या. म्हणून मला वाटत होतं मी बरोबर. जिराफाने बारक्या गोळा केल्या, त्या सगळीकडे कोवळ्या, म्हणजे जुन्या व्हायला उरतच नाहीत. म्हणून सरांना वाटत होतं ते बरोबर. मोठ्या गाठी टिकतात आणि आत सरकतात, बारक्या लवकर विरतात. आमच्या या चित्रांत तरी असंच दिसतंय. तू फेब्रुवारीत लिहिलंच होतंस, सुतातली गाठ आणि वरचा कापूस. आम्ही दोघं एकेक धरून भांडत होतो.

आता दोन गोष्टी. सर म्हणतात, पहिली फेरी प्रबंधात नको, चुकीची पद्धत होती, ९ जुलैच्या तोंडी परीक्षेत परीक्षक हसतील. आणि आभारात तुला 'तांत्रिक सहाय्यक' लिहू म्हणतात. मान आहे असं त्यांना मनापासून वाटतं. काय करू?

भिंगरी


१९ जून

भिंगरी,

पहिली फेरी राहील. चूक झाली ती का झाली ते दोन ओळीत लिही, गिरणीचा नियम होता म्हणून लिही, आणि छाप. चुकीच्या फेरीने काय दिसलं आणि बरोबर फेरीने काय दिसलं, शेजारी शेजारी. परीक्षक हसले तर हसू देत. हसताना बघतील तरी. चुकीचा तागा आम्ही जाळत नाही, त्यावर शिक्का मारून ठेवतो, नाहीतर पुढच्या पाळीला काय कळणार?

आणि सहाय्यक नको. मी कोणाला हातभार लावायला बसले नव्हते. चहा देणं सहाय्य असतं. मी बघितलं. दोनदा बघितलं. जिथे तुझं आणि जिराफाचं नाव येईल तिथे माझं नाव, आणि पुढे 'कापड तपासनीस'. आभारात नको, तक्त्यात, तीन नंबरच्या जागी. सरांना जड जात असेल तर म्हणावं, माझ्या खुणा काढून घ्या आणि मग प्रकरण उभं करून दाखवा.

तुला जड जात असेल तर तेही आत्ताच कळव. परीक्षेच्या दिवशी उभं राहून सांगायचंय ते तुला, मला नाही.

मावशी


१० जुलै

मावशी,

काल परीक्षा झाली. लांब टेबल, पाच परीक्षक, सर कोपऱ्यात. तक्ता पडद्यावर लावला. तिथे तुझं नाव होतं आणि पुढे तू सांगितलेले दोन शब्द.

टोकाच्या बाईंनी चष्मा वर केला. "हे तीन नंबरचे निरीक्षक कोणत्या संस्थेचे?" मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील, 'अनुभवी' वगैरे. ते म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या खात्यात जमा धरते.

मी म्हणाले, "त्या माझ्या मावशी. गिरणीत कापड तपासतात. शिक्षण चौथी. पहिल्या फेरीत त्यांची काय चूक झाली ते पान एकसष्टवर आहे, आणि मेळ माझ्यापेक्षा किती जास्त आहे ते पान बासष्टवर. पुढचा प्रश्न विचारा."

बाईंनी पान एकसष्ट उघडलं, बासष्ट उघडलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मंजूर झालं, मावशी. सर बाहेर आल्यावर म्हणाले, "तुझा आवाज आज तुझा नव्हता." मी म्हटलं, घरातलाच आहे.

आईला तूच सांग. मी सांगितलं तर ती ठिपक्यांवरून सुरू होईल.

तुझी भिंगरी


१५ जुलै

भिंगरी,

बरं झालं. ताईला सांगितलं. रडली, मग म्हणाली, आता तरी घरी येईल का. तिचं तिच्यापाशी.

पण हे काय पत्र लिहायची रीत झाली? उभी राहिलीस, बोललीस, पानं मोजलीस, सगळं लिहिलंस. आणि त्या चष्मेवाल्या बाईंनी पुढचा प्रश्न काय विचारला तेवढंच लिहिलं नाहीस. मी असते तर विचारलं असतं, की बारक्या गाठी विरल्या म्हणता, तर त्यांतले तारे गेले कुठे? गाठ सुटली तरी सूत कापडातच राहतं, ते कुठे जात नाही. चकतीभर पसरलेच असतील ना ते? मग ती जी गुळगुळीत चकती म्हणतेस, ती कशाची झालीय, हे कोणी विचारलं का?

विचारलं नसेल तर त्यांचंही काम नीट झालं नाही, असं माझ्या नावाने कळव.

मावशी
कापड तपासनीस